फळी रंगवणाऱ्याचा अबोला

त्याला सगळे रेघ्या म्हणत. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं एक नाव होतं, पण ते विजेच्या बिलावर यायचं तेवढंच. लाटांवर उभं राहायचे ते सर्फबोर्ड असतात ना, ते तो रंगवायचा. कारखान्यात त्यांना कुणी सर्फबोर्ड म्हणत नसे. फळी म्हणत. फळीच्या कडेनं, टोकापासून शेपटापर्यंत, हा माणूस दोऱ्याएवढी एक रेघ ओढायचा. ती कुठे जाड व्हायची नाही, कुठे तुटायची नाही. ओढताना श्वास रोखून धरायचा आणि रेघ पुरी झाली की विहिरीतून वर आल्यासारखा धापा टाकायचा. त्यावरूनच नाव पडलं.

खरं सांगायचं तर या धंद्यात चित्रकाराला कुणी फारसं विचारत नाही. फळीच्या वरच्या अंगाला पाय घसरू नये म्हणून मेण चोळतात. चार दिवसांत तिथलं चित्र मळक्या मेणाखाली गडप होतं. खालचं अंग तर पाण्यातच. म्हणजे तुम्ही जीव ओतून काढा, आणि बघणार कोण? मासे. रेघ्याची वहिनी म्हणायची, "भाऊजींचे खरे रसिक मासेच. एकानंही आजवर नाव ठेवलं नाही." रेघ्या हसायचा. तेव्हा तो हसत असे.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पहिलीत थोरला भाऊ. त्याच्या हातात रंधा, अंगावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरा भुसा. फोमचा ओबडधोबड ठोकळा तो घासून घासून असा आणायचा की तळहात फिरवला तर कुठे अडायचा नाही. डोळे मिटून तो फक्त अंगठ्यानं कडा तपासायचा. दुसऱ्या खोलीत रेघ्या, त्याचे डबे, त्याच्या चिकटपट्ट्या, छतावरून लोंबणारा एकुलता एक झगझगीत दिवा. दोन्ही खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं. जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा होता, इकडची धूळ तिकडच्या ओल्या रंगावर बसू नये म्हणून. फळी आधी थोरल्याकडे तासली जायची, मग पडद्यातून रेघ्याकडे रंगायला यायची, मग परत थोरल्याकडे. तो तिच्यावर काचेचं कापड अंथरायचा आणि वरून रेझिन ओतायचा, मधासारखं चिकट. रेझिन कडक झालं की त्याची काच होते आणि चित्र कायमचं आत. मग एक ठिपका बदलायचा म्हटलं तरी फळी सोलावी लागते.

थोरल्याची एक सवय पहिल्यापासूनची. फोमवरच पेन्सिलीनं लिहायचा. फळी कुणाची, रंग कुठला, रेघ किती जाड. रेघ्या वाचायचा आणि त्यावरच रंग द्यायचा. म्हणजे प्रत्येक फळीच्या पोटात थोरल्याचं अक्षर असायचं, आणि ते रेघ्यालाच ठाऊक असायचं. सुरुवातीला ही नुसती सोय होती, कारण दोघं दिवसभर बडबडत असत. नंतर तेवढंच उरलं.

झालं असं की रेघ्यानं एकदा एका मोठ्या फळीच्या खालच्या अंगावर चित्र काढायला घेतलं. माशाला वर बघताना काय दिसत असेल, ते. पाण्याचं चमचमतं छत, पोहणाऱ्यांचे हलणारे पाय, फळ्यांची पोटं, आणि या सगळ्यामधून झिरपत खाली येणारा उजेड. वहिनीची थट्टा त्यानं मनावर घेतली होती म्हणा. रंगावर रंग चढवत गेला. रात्री डोळे मिटले तरी त्याला तोच उजेड दिसे. आयुष्यात इतकं चांगलं आपण काही केलेलं नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

चित्र पुरं झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी तो दाढ काढायला गेला. गालात कापूस कोंबून परत आला आणि पडदा बाजूला करून बघतो तर फळी पांढरीफटक. खाली जमिनीवर निळा-हिरवा भुसा, आणि थोरला पॉलिशपेपर झटकत उभा.

"रंग जाड झाला होता," थोरला म्हणाला. "काच धरली नसती. पुन्हा काढ. पातळ काढ."

रेघ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडात कापूस आणि अर्धी जीभ बधिर. एक शब्द फुटेना. नुसता हातवारे करत राहिला, आणि थोरल्याला वाटलं दाढ दुखतेय. "जा, पड जरा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी कापूस निघाला, जीभ जागेवर आली, पण बोलायची इच्छा काही परत आली नाही.

आता यात वाईट कोण? थोरल्याचं म्हणणं धंद्याच्या हिशेबानं सोळा आणे खरं होतं. जाड रंगावर काच बसत नाही, रेझिनला खालचा फोम पकडता येत नाही, उन्हात फुगते आणि सुटते. रेघ्यालाही हे ठाऊक होतं. म्हणून तर राग जास्त. चुकलेल्या माणसाला चार शिव्या देऊन मोकळं होता येतं, बरोबर असलेल्या माणसाचं करायचं काय? त्याचं म्हणणं एवढंच होतं की दादानं थांबायला हवं होतं, विचारायला हवं होतं. आणि हे एवढंसं म्हणणं त्यानं दादाला कधी सांगितलं नाही. गप्प बसला. थोरला आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून वाट बघत बसला. तिकडे थोरला म्हणत होता, मी काय चुकलोय म्हणून मी आधी बोलू? दोघंही एकाच आईची लेकरं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

आठवड्यांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं. गंमत बघा, रेघ्याचं लग्न राहून गेलेलं, कारखान्याच्या माडीवर एका खोलीत राहायचा, आणि जेवणाचा डबा यायचा थोरल्याच्याच घरून. रोज संध्याकाळी वहिनी डबा घेऊन यायची आणि रिकामा घेऊन जायची. रेघ्या भावावर रागावलेला होता पण भावाच्या घरच्या जेवणावर त्याचा राग नव्हता. वहिनीनं सुरुवातीला दोघांनाही समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग तीही थकली. थोरल्याला काही सांगायचं असेल तर तो पेन्सिलीनं फोमवर लिही. रेघ्याला काही विचारायचं असेल तर तो विचारतच नसे.

एका हिवाळ्यात पडद्यातून एक फळी आली. पोहायला शिकवणाऱ्या बाईंची. या बाई जुन्या गिऱ्हाईक. तलावात पोरांबरोबर त्या फळीवर असत. त्यांची फळी नेहमी पांढरी आणि कडेनं बारीक निळी रेघ. वर्षानुवर्षं त्यात बदल नाही. यावेळी फोमवर लिहिलं होतं, 'काळा. सगळा.'

रेघ्या ते वाचून उभाच राहिला. काळी फळी कुणी करत नाही. काळा रंग ऊन पितो, फळी तापते, आतला फोम उकडतो आणि काच फुगून वर येते. हे धंद्यातलं पहिलं पाठांतर. थोरल्यानंच त्याला शिकवलेलं. म्हणजे लिहिताना काहीतरी चुकलंय, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. विचारायला फक्त पडदा बाजूला करायचा होता. "दादा, हे काळं काय लिहिलंयस?" एवढंच वाक्य.

पण नाही. त्याच्या मनात आलं, लिहिलंय ना, मग करतो. थोरला बघेल, हबकेल, पडदा फाडून आत येईल, ओरडेल. ओरडला तर ओरडला, पण बोलला असं होईल. पहिला तो बोलला असं होईल. अशा आशेनं या शहाण्यानं ती फळी टोकापासून शेपटापर्यंत काळी कुळकुळीत केली, आणि परत पाठवून कान टवकारून बसला.

पलीकडे बादलीत रेझिन ढवळल्याचा आवाज आला. मग कापड अंथरल्याचा. मग पातं फिरवून रेझिन पसरल्याचा, सर्र, सर्र, एका लयीत. ओरडणं नाही, काही नाही. थोरल्यानं नेहमीच्या शांतपणे काळ्या फळीवर काच चढवली आणि हात धुऊन घरी गेला.

बाई फळी न्यायला आल्या तेव्हा दारातच थबकल्या.

"दादा, ही माझी नसेल. मी पांढरी सांगितली होती."

"काळीच सांगितलीत," थोरला म्हणाला.

"नाही हो. मी कशाला काळी सांगेन? दरवेळी आपली—"

"मला शिकवू नका! काळी म्हणालात, मी काळी केली!"

थोरल्यानं गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. रेघ्या पट्ट्यांच्या आडून सगळं बघत होता. त्यानं मान खाली घातली आणि कुंचला पुसायला लागला, कोरडा कुंचला. बाई मोठ्या मनाच्या. फळी काखेत मारून म्हणाल्या, "काळी तर काळी. पोरांना लांबून दिसेल तरी."

त्यानंतर पडद्यातून येणाऱ्या फळ्यांचं काही खरं राहिलं नाही. एखादीची डावी कड उजवीपेक्षा जाड. एखादीचं टोक किंचित वाकडं. पेन्सिलीची अक्षरं उताराला लागल्यासारखी खाली घसरलेली. रेघ्याला सगळं दिसत होतं. तो काय करायचा, तर वाकड्या कडेवर आपली रेघ अशा बेतानं ओढायचा की बघणाऱ्याचा डोळा फसावा आणि फळी सरळ दिसावी. थोरल्याची चूक त्यानं कुणाला कळू दिली नाही. यात माया होती असं कुणी म्हणेल. थोडी असेलही. पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. म्हातारा चुकतोय, आणि मी सावरतोय. चित्र पुसणारा हात आता सरळ कड काढू शकत नाही. झोपताना तो हे मनात घोळवायचा आणि त्याला शांत झोप लागायची.

उन्हाळ्यात बाई परत आल्या. काखेत तीच काळी फळी. मधोमध ताटलीएवढा फोड आला होता. अंगठ्यानं दाबला की आत जायचा, सोडला की वर यायचा.

"भांडायला नाही आले," त्या म्हणाल्या. थोरला त्या दिवशी कामावर आला नव्हता. "मला कळलंय सगळं. दादांची तब्येत कशी आहे आता?"

"बरी आहे की," रेघ्या म्हणाला.

"परवा तलावावर आले होते माझ्याकडे. आणि मलाच विचारायला लागले, माझं घर कुठल्या बाजूला? मी नेऊन सोडलं. वहिनी रडल्या बिचाऱ्या. तुम्ही तर घरातलेच, रोजचं बघत असाल. कठीण असतं हो असलं दुखणं."

"हो," रेघ्या म्हणाला. "कठीण असतं."

बाई गेल्यावर तो त्या फोडावर तळहात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिला. काळी फळी तर लांबच राहिली, तिच्याआधी काय काय होऊन गेलं असेल, हे एकेक त्याला आठवायला लागलं. एकाच फळीवर दोनदा लिहिलेलं नाव. भर दुपारी पलीकडे लावलेला दिवा. रंधा थांबायचा आणि बराच वेळ पुन्हा सुरूच व्हायचा नाही. हे सगळं त्यानं पडद्याच्या अलीकडून ऐकलं होतं आणि दरवेळी त्याचा अर्थ आळस असा लावला होता.

संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आली. त्यानं डबा घेतला नाही.

"वहिनी, दादाला काय झालंय?"

वहिनीनं डबा टेबलावर ठेवला, पदरानं हात पुसले. "डॉक्टर म्हणाले, डोक्यातलं हळूहळू पुसत जाणार. आधी कालचं, मग त्याआधीचं. वर्ष होऊन गेलं त्याला."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, त्याला कळलं तर तो कीव येऊन बोलेल. तसलं बोलणं मला नको. आपणहून बोलला तर बोलू दे."

रेघ्यानं टेबलावरचा डबा उगाच सरळ करून ठेवला.

"मी वाट बघत होते, भाऊजी. रोज डबा आणताना वाटायचं, आज विचारतील. दादा बरा आहे ना, एवढं जरी विचारलं असतंत तरी मी शपथ मोडली असती. ती काळी फळी तुमच्याच हातून गेली ना? तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं," रेघ्या म्हणाला.

वहिनी वळली. कालचा रिकामा डबा उचलून निघून गेली.

आता तरी हा माणूस उठून धावत भावाकडे जाईल की नाही? तुम्हीआम्ही गेलो असतो, असं आपण म्हणतो. रेघ्या गेला नाही. अबोला इतका जुना झाला की त्याचीही लाज वाटायला लागते. पहिलं वाक्य काय बोलायचं, यातच तो अडकला. 'चहा घेतलास का' फार हलकं वाटे. 'चुकलो' म्हणायला जीभ उचलेना. थोरला अजून अधूनमधून यायचा, वहिनी आणून बसवायची. तो रंधा हातात घ्यायचा नाही. फोमच्या ठोकळ्यावर नुसता तळहात फिरवत बसायचा. एकदा रेघ्या पडद्यापर्यंत गेला, पट्टी हातात धरली. पलीकडे थोरला स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता, लहानपणी आंघोळ करताना गुणगुणायचा तसा. आता बोललो तर रडूच फुटेल, आणि असल्या आवाजात पहिलं वाक्य नको, म्हणून रेघ्या मागे फिरला. उद्या बोलू म्हणाला.

मग थोरला यायचाच बंद झाला. बाहेर पडला की वाट चुकायचा, म्हणून वहिनी दाराला कडी घालून ठेवायला लागली. रेघ्यानं उरलेल्या फळ्या रंगवल्या. त्या संपल्या. पलीकडच्या खोलीत रंध्यावर भुसा तसाच पडून होता, आणि पडद्यातून आता काही येणार नव्हतं. तेव्हा कुठे तो अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, थोरल्याच्या घरी गेला. वाटभर वाक्यं जुळवत होता. शेवटी ठरवलं, जे तोंडाला येईल ते बोलू.

वहिनीनं दार उघडलं. त्याला बघून तिचे डोळे भरले, पण ती नुसती बाजूला झाली. थोरला खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. दाढी नीट केलेली, केस विंचरलेले. टेबलाच्या कडेवरून त्याचा अंगठा पुढेमागे फिरत होता, फळीची कड तपासल्यासारखा.

"या, या," थोरला म्हणाला. "बसा."

रेघ्याला वाटलं, टोमणा मारतोय. बरोबर आहे, मारणारच. ऐकून घ्यायचं. तो समोरच्या स्टुलावर बसला.

"दादा," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला. "चहा घेतलास का?"

"घेतला असेल. ही देते वेळच्या वेळी. फळी करून हवीय का तुम्हाला? मी हल्ली काम घेत नाही हो. हात पूर्वीसारखा राहिला नाही."

"फळी नको दादा. मी—"

"आणि रंगाचं तर मला विचारूच नका. रंगाचं माझा धाकटा बघतो. त्याच्यासारखी रेघ कुणाला येत नाही. भाऊ म्हणून नाही सांगत. हातात देणगी आहे त्याच्या." थोरला जरा पुढे झुकला, आवाज खाली आणला. "तुमची आहे का त्याची ओळख?"

रेघ्यानं वहिनीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, तोंडावर पदर धरून.

"आहे," तो म्हणाला.

"मग माझं एक काम करा. त्याला सांगा, ते चित्र मी घासलं ना, रंग जाड होता हे खरं. पण थांबायला हवं होतं. दाढ काढायला गेला होता हो तो त्या दिवशी. दुपारपर्यंत आलाच असता. मलाच घाई. घासताना दोनदा हात थांबला माझा. इतकं सुरेख होतं ते, पाण्यातून वर बघितल्यासारखं." थोरल्याचा अंगठा टेबलाच्या कडेवर थांबला. "पुष्कळदा वाटलं जाऊन सांगावं. राहून गेलं. तुम्ही सांगाल ना?"

रेघ्या स्टुलावरून उठून त्याच्या पायाशी बसला. थोरल्याचा हात त्यानं दोन्ही हातांत घट्ट धरला.

"दादा, माझ्याकडे बघ. मीच आहे तो. मी रेघ्या."

थोरल्यानं पाहिलं. कपाळ, डोळे, पांढऱ्या झालेल्या मिशा, नखांत बसलेला निळा रंग, सगळं सावकाश पाहिलं. मग गिऱ्हाइकाला समजावतात तसं हळूच हसून त्यानं मान हलवली.

"छे हो," तो म्हणाला. "तो माझ्याशी बोलत नाही."